नगराध्यक्षासाठी रायफल

३ जुलै, सकाळी

रोजनिशी आजपासून सुरू. मोठ्या कामाची नोंद राहायला हवी. काम: एक डुक्कर मारणे.

डुक्कर साधंसुधं नव्हे, नगराध्यक्ष. हे नाव गावानं ठेवलंय. अंगानं अवाढव्य, कुणाच्या बापाला भीत नाही आणि दुसऱ्याच्या कुंपणात घुसून खातो, म्हणून. खरे नगराध्यक्ष पोस्टात आले की मी नुसतं 'ते जनावर' म्हणतो, तरी त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

काल पहाटे ह्या जनावरानं फाउस्तीनोचा सार्हेन्तो फाडला. फाउस्तीनो माझा मेहुणा, ओतिलियाचा धाकटा भाऊ. सार्हेन्तो त्याचा लाडका कुत्रा. ह्यांची शिकार म्हणजे सगळा रानटी कारभार. कुत्रे सोडायचे, त्यांनी डुकराचे कान धरून लोंबकळायचं, मग फाउस्तीनोनं मागून जाऊन बरगडीत सुरी खुपसायची. सार्हेन्तोनं कान धरला. नगराध्यक्षानं नुसती मान हिसडली आणि कुत्र्याचं पोट टराटरा फाटलं. फाउस्तीनोनं आतडी टोपीत गोळा केली, परत आत कोंबली, खोगीर शिवायच्या दोऱ्यानं टाके घातले. दुपारी कुत्रा मेला. फाउस्तीनो पोरासारखा रडला.

मी त्याला समजावलं, की दोष कुत्र्याचा नाही, साधनाचा आहे. त्याच्या हातात सुरी अजून तशीच होती. मी घरी आलो.

३ जुलै, संध्याकाळी

कळप ओतिलियाचा आहे, तिच्या वडलांकडून आलेला. ऑगस्टच्या मध्याला, ऐन हिवाळ्यात, मेंढ्या विऊ लागतील. गेल्या वर्षी नगराध्यक्षानं कोकरं जन्मल्या जन्मल्या खाल्ली. लोकर, खुरं, हाडं, काही ठेवत नाही. सकाळी मातीत नुसता ओला डाग, आणि त्याच्याभोवती आई ओरडत फिरतेय.

ओतिलिया आज जेवताना म्हणाली, की यंदाही तसंच झालं तर ती कळप विकणार आणि बहिणीकडे बाहियाला जाणार. कायमची. मी विचारलं, आणि मी? ती म्हणाली, तुला पोस्ट आहेच की.

तिचा विनोद असा कोरडा असतो.

मी शब्द दिला: डुक्कर माझ्यावर सोड. कुत्रे नकोत, फाउस्तीनो नको. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. विश्वासानं असावं.

५ जुलै

पोस्टात गर्दी नव्हती. (कधीच नसते.) अभ्यासाला बसलो. जनावरांच्या डॉक्टरांचं शिकारीचं मासिक आलंय. पाकिटाचा डिंक हलका होता, आपोआप उघडलं.

विषय सोपा आहे, लोक उगाच अवघड करतात. नंबर, म्हणजे कॅलिबर, म्हणजे नळीचं तोंड. नंबर मोठा तर गोळी जाड. पुढे 'मॅग्नम' लिहिलेलं असलं की दारू जास्त. दारू जास्त तर ताकद जास्त, पण धक्काही जास्त. ताकद पुढे जाते, धक्का मागे येतो. पुढे डुक्कर, मागे मी. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो, की दोघांत टणक कोण. ह्याचं उत्तर मला माहीत आहे.

८ जुलै

डॉन हेर्वासियोच्या दुकानात गेलो. म्हातारा सत्तरीचा, चाळीस वर्षं बंदुका विकतोय, एक कान त्यातच गेला. म्हणाला, पोस्टमास्तर, तीनशे आठ घ्या, इथल्या डुकराला पुष्कळ झाली. मी म्हटलं, हे इथलं डुक्कर नाही, हा नगराध्यक्ष आहे. तो म्हणाला, डुकराला ताकद एकदाच लागते, धक्का मात्र तुम्हाला दर वेळी बसणार. सोसवेल तेवढंच घ्या.

म्हाताऱ्याला वाटतं सगळे त्याच्याच वयाचे आहेत. मी पन्नास वर्षांचा आहे. पार्सलं उचलतो.

विचारलं, तुमच्याकडची सगळ्यात जबर कुठली? आधी ऐकू न आल्यासारखं केलं. मग आतून एक लांबडी पेटी आणली. तीनशे पंचाहत्तर मॅग्नम. आफ्रिकेत रानरेडे मारायला वापरतात. एका जर्मन पाहुण्यानं मागवली होती, एक गोळी झाडली आणि काउंटरवर ठेवून गेला तो परत आला नाही.

जर्मन लोक हल्ली नाजूक झालेत.

९ जुलै, स्वातंत्र्यदिन

फाउस्तीनोकडे जेवण. दोन वाट्या लोक्रो खाल्ला, मक्याचा दाट रस्सा, वर डुकराच्या शेपट्या घालून. सगळे कॅलिबरवरच बोलत होते, म्हणजे मी बोलत होतो. ओतिलिया म्हणाली, बाबांची दोनशे त्रेचाळीस भिंतीवर लटकलेली आहे, त्याच बंदुकीनं मी कोल्हे मारते, हवी तर घे. सगळ्यांसमोर!

मी शांतपणे सांगितलं, की दोनशे त्रेचाळीस ही कोल्ह्यांची आणि बायकांची बंदूक आहे. टेबलावर एकदम गप्पगार. मुद्दा सगळ्यांना पटला.

१४ जुलै

घेतली. तीनशे पंचाहत्तर. पेटी सायकलवर बसेना, म्हणून खांद्यावर घालून गावातून चालत आणली. चर्चपासून पोस्टापर्यंत सगळ्यांनी पाहिली. लांबचा रस्ता घेतला.

२० जुलै

पहिली गोळी. कोरड्या नदीच्या पात्रात, डॉन हेर्वासियोच्या देखरेखीखाली. निशाणा: पत्र्याचा डबा, पन्नास पावलं.

नोंद: बंदूक छान आहे. आवाज छान आहे. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण ते उन्हामुळे. बंदुकीवरच्या दुर्बिणीची कड मागे येऊन भुवईत घुसली. हाडापर्यंत. रक्त डोळ्यात, मिशीत, शर्टावर. डॉन हेर्वासियोनं जिनची बाटली काढली, निम्मी जखमेवर ओतली, निम्मी मला पाजली. म्हणाला, पोस्टमास्तर, ह्या बंदुकीची ही सही आहे, जो कुणी तिला दूर धरत नाही त्याच्या भुवईवर करते. पाच टाके.

डबा जागेवर होता. गोळीच्या वाऱ्यानंही हलला नाही, एवढंच.

२२ जुलै

पोस्टाच्या खिडकीत सगळ्यांनी भुवईचं विचारलं. मी म्हटलं, डुकराशी गाठ पडली. हे एका अर्थी खरंच आहे.

उजवा खांदा काळा, कडेनं पिवळा. शिक्का मारायला हात वर जात नाही. डाव्या हातानं मारतोय, पत्रांवर तारखा उलट्या उमटतात. कुणाची तक्रार नाही.

२ ऑगस्ट

डॉन हेर्वासियोनं मला फसवलं. नोंद करून ठेवतो.

नदीत गेलो. आजपर्यंत अकरा गोळ्या, डबा सुरक्षित. तो म्हणाला, आज मी भरून देतो, तुम्ही नुसते झाडा. भरली, दिली. नेम धरला, घोडा दाबला. खट्. गोळीच नव्हती! त्यानं रिकामं काडतूस घातलं होतं. आणि बंदूक काही न उडता माझ्या हातात खाली गेली, नळीचं तोंड वाळूत, आणि मी कसा कोण जाणे खाली बसलो.

म्हातारा म्हणाला, पाहिलंत? बंदुकीनं काहीच केलं नाही, सगळं तुम्ही केलंत. घोडा दाबायच्या आधी तुम्ही डोळे मिटता. धक्क्याला घाबरता. त्यात लाज नाही, सगळ्यांचं होतं, लहान कॅलिबर घ्या.

माझ्या पायाखाली दगड होता. मी त्याला दगड दाखवला. तो म्हणाला, हा दगड तुम्ही आत्ता आणून ठेवलात.

मी डोळे मिटत नाही. मिटले असते तर मला कळलं असतं.

६ ऑगस्ट

धक्क्यावर शास्त्रीय उपाय चालू आहेत. भीती नाही, सोयीचा प्रश्न आहे.

टॉवेल: घसरतो. ओतिलियाची सोफ्याची उशी: पहिल्याच गोळीला फाटली, पिसं नदीभर. टपालाची थैली, पत्रांनी भरलेली: उत्तम! अगदी मऊ. फक्त आत कुणाचं तरी आल्फाहोरे बिस्किटांचं पार्सल होतं. ज्यांचं होतं त्या बाईंनी उघडलं तर नुसता भुगा. मी म्हटलं, मार् देल प्लाताहून येताना रस्ते खराब.

१६ ऑगस्ट

पहिली सात कोकरं. ओतिलिया दिवसभर मेंढ्यांच्या वाड्यात, गुडघ्याएवढ्या चिखलात. हात कोपरापर्यंत रक्तानं माखलेले. मेंढीच्या पोटात हात घालून आडवं कोकरू सरळ करते आणि ओढून काढते. मी कुंपणापाशी बंदूक घेऊन उभा होतो. तिनं हाक मारली, जरा कंदील धर. मी म्हटलं, मी पहाऱ्यावर आहे.

१९ ऑगस्ट, पहाटे

नगराध्यक्ष आला. तीन कोकरं खाल्ली. मी पवनचक्कीखाली दबा धरून बसलो होतो, वीस पावलांवर, बंदूक भरलेली. तो आला तेव्हा वारा उलट होता. नाही, वारा सुलट होता, पण हात गारठले होते. घोडा दाबणार एवढ्यात शिंक आली, असं मी ओतिलियाला सांगितलं.

इथे नुसतं 'दाबला नाही' एवढंच लिहितो.

हाडं फोडण्याचा आवाज ऐकला. कच्च्या काकडीसारखा. एक कोकरू तोंडात असताना ओरडत होतं.

१९ ऑगस्ट, दुपारी

फाउस्तीनो आला. म्हणाला, दाजी, पुरे झालं हे, मी उरलेले कुत्रे सोडतो. मी म्हटलं, अजिबात नाही, मी शब्द दिलाय. तो म्हणाला, शब्द तुम्ही दिलाय, कोकरं तायडी देतेय. बहिणीकडून शिकला असेल असं बोलायला.

ओतिलियाकडे पाहिलं. तिनं बहिणीचं पत्र टेबलावर ठेवलं होतं, उघडलेलं. पोस्टातून माझ्याच हातून गेलं होतं, मी वाचलं नव्हतं. मी एकट्या तिचीच पत्रं वाचत नाही. आता वाचलं. बहीण लिहिते, मागची खोली रिकामी केलीय.

ह्याचा अर्थ आता ताकद वाढवायला हवी. पण तीनशे पंचाहत्तरच्या वर इथे काही मिळत नाही.

२४ ऑगस्ट

वाईट दिवस. नगराध्यक्षानं आज मोठी मेंढी मारली, नुकती व्यालेली. कोकराच्या आड आली म्हणून तिला खालून वर चिरली, नाळेसकट सगळं बाहेर. मी हजर नव्हतो. काल खांद्याला शेक घेत झोपलो तो उजाडेपर्यंत.

कोकरू वाचलं. ओतिलियानं ते चुलीपाशी लाकडी खोक्यात ठेवलंय. बाटलीचं दूध तोंडात घेत नाही. सारखं ओरडतं.

मी म्हटलं, उद्या नक्की. ती म्हणाली, एवारिस्तो, गप्प बस. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मला गप्प बस कधी म्हणाली नव्हती. मला फार लागलं ते. खांद्यापेक्षा जास्त.

२६ ऑगस्ट

कडाक्याची थंडी, दव गोठलेलं. काळतोंड्या मेंढीचं कोकरू जन्मताच गारठून मेलं. ही मेंढी वेडी झाली, मेलेल्याला चाटत बसली, हलेना.

ओतिलियानं मेलेलं कोकरू उचललं आणि परसात नेऊन सोललं. हे इथे सगळे करतात. मेलेल्याचं कातडं काढायचं, पायांना चार भोकं ठेवायची आणि स्वेटरसारखं ते अनाथ कोकराच्या अंगात घालायचं. आई हुंगते, वास आपल्या पोराचा, जवळ घेते, पाजते. तीन दिवसांनी कातडं काढून टाकायचं, तोवर ते तिचंच झालेलं असतं. मेंढी डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, नाकावर ठेवते.

उशीर झाला होता, कोकराला तिनं जरा पाजून झोपवलं. कातडं खुंटीला टांगलं. म्हणाली, सकाळी उठल्या उठल्या घालते, हे एक तरी जगेल.

२७ ऑगस्ट, दुपारी. डाव्या हातानं लिहितोय.

विजय!

सविस्तर लिहितो. पहाटे पाचला निघालो. खांद्यासाठी काही मऊ हवं होतं. टपालाची थैली रिकामी होती. दाराशी खुंटीला ते कातडं दिसलं. ओलसर, गुबगुबीत, बरोबर खांद्याएवढं. दोनदा दुमडलं, शर्टावर बांधलं, वर पॉन्चोचं घोंगडं. ओतिलिया उठायच्या आत परत आणून ठेवणार होतो. इतकं मऊ, इतकं घट्ट बसलं, की हे मला आधीच कसं सुचलं नाही ह्याचं नवल वाटलं.

पवनचक्कीखाली पोचलो तो मागे पावलं. वळून पाहतो तर काळतोंडी मेंढी! वाड्याची दोरी तोडून आली होती. हाकललं, ढेकूळ मारलं, जाईना. पॉन्चोत तोंड घालून खांदा हुंगायची, मान चाटायची, कान चाटायची, घशातल्या घशात हुंकारायची. मी उठलो की उठायची, बसलो की अंगाला अंग लावून बसायची. जनावरांना खरा शिकारी लगेच ओळखू येतो, असं मासिकात होतं. आदर वाटत असावा.

मधूनमधून बें बें करत होती. गप्प करायचा प्रयत्न केला. मग विचार केला, करू दे, आमिष म्हणून उपयोग.

साडेसहाला नगराध्यक्ष लव्हाळ्यातून बाहेर आला. तोंडातून वाफ, सुळ्यांवर जुनं रक्त वाळलेलं. चाळीस पावलं. मेंढीचा आवाज ऐकून सरळ आमच्याकडे वळला. तीस. मी बंदूक खांद्याला लावली, दुर्बीण भुवईपासून दूर धरली, सगळं नियमानुसार. नेम कानामागे. तो धावत सुटला. जमीन हादरत होती. मेंढी मध्येच उठून पुढे झाली. मी घोडा दाबला.

ह्या क्षणाचं वर्णन करायला हवं, पण नेमका तोच नीट आठवत नाही. काळोख होता. म्हणजे उजाडलं होतं, तरी काळोख होता. मोठा आवाज. मग मी पाठीवर पडलेला, तोंडात माती, खांद्यात काहीतरी काडकन मोडलेलं.

डोळे उघडले (धुळीमुळे मिटले होते) तर चार पावलांवर नगराध्यक्ष! मुस्कट मातीत रुतलेलं, मागचे पाय झाडत होता. मग थांबला. एका गोळीत! आणि माझ्या मांड्यांवर काळतोंडी आडवी, छातीतून रक्ताचा पाट, गरम, माझी विजार चिंब. मरता मरता त्यानं तिला फाडली असावी. नीच जनावर.

फाटकाशी ओतिलिया उभी होती, हातात बापाची दोनशे त्रेचाळीस. ओरडणं ऐकून धावत आलेली, पण तिला उशीर झाला. तिच्या बंदुकीच्या तोंडातून वाफ येत होती. थंडी फारच होती.

मी म्हटलं, पाहिलंस? ती आली, आधी मेंढीपाशी बसली. मेंढी तंगड्या ताणून मेली. मग तिनं माझा पॉन्चो उचलला. म्हणाली, कातडं दे. दिलं. ते रक्तानं भिजून लगदा झालं होतं. ती ते मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिली. मी तिला म्हटलं, अगं, डुक्कर मेलं, आता कशाला रडतेस?

गळ्याखालचं, हंसळीचं हाड मोडलंय. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला.

२८ ऑगस्ट

पोस्टाच्या खिडकीत रांग! अकरा वेळा सांगितलं. सातव्या वेळेपासून नगराध्यक्ष दोन पावलांवर आहे. तीनशे पंचाहत्तर म्हणजे काय चीज, ते सगळ्यांना समजावलं. खरे नगराध्यक्षही आले, हात मिळवला, डावा.

परवा सांता रोसाचा दिवस. त्या दिवशी आमच्याकडे डुक्कर भाजायचं. सगळ्या गावाला आमंत्रण दिलं. ओतिलियाला विचारलं, चालेल ना? ती म्हणाली, तुला आणखी काही सांगायचंय का मला? मी म्हटलं, मीठ जास्त आणायला हवं.

२९ ऑगस्ट

अनाथ कोकरू अजून बाटली नीट घेत नाही. दुसरी मेंढी त्याला शिंगं मारते. ओतिलियानं पुन्हा विचारलं, तुला काही सांगायचंय? मी विचार केला. म्हटलं, नाही.

३० ऑगस्ट, सांता रोसा

इथे लिहू नये असं वाटतं. पण लिहायचं ठरवलंय तर लिहितो.

चाळीसेक माणसं अंगणात. डुक्कर झाडाला उलटं टांगलेलं, फाउस्तीनो सोलायच्या तयारीत. डॉन हेर्वासियो सुळे मोजायला टेप घेऊन आला. मी गोष्ट सांगत होतो, कानामागच्या नेमापर्यंत आलो होतो. म्हाताऱ्यानं कानामागे हात फिरवला. भोक सापडलं. त्यात करंगळी घातली. पेरापर्यंत गेली आणि अडकली.

म्हणाला, पोस्टमास्तर, हे तीनशे पंचाहत्तरचं नाही. तीनशे पंचाहत्तर इथे लागली असती तर कान राहिला नसता, डोकं राहिलं असतं का, तेही बघावं लागलं असतं. ही दोनशे त्रेचाळीस.

फाउस्तीनोनं वळून ओतिलियाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. ती कोशिंबिरीला टोमॅटो चिरत होती. मान वर केली नाही.

मी म्हटलं, मग माझी गोळी आरपार गेली असेल, शोधा. शोधली. डुकराच्या अंगावर दुसरं भोक नाही. एकानं पोटाखाली पण बघितलं.

मग म्हातारा कुंपणापाशी गेला. तिथे काळतोंडीचं कातडं मीठ लावून वाळत घातलं होतं. त्यानं त्यात हात घातला. आख्खी मूठ आरपार गेली. मी ओरडलो, सुळा आहे तो! डुकराचा सुळा! तो म्हणाला, सुळ्यानं लोकर जळत नाही हो.

भोकाच्या कडेनं लोकर काळी, करपलेली. हातभर अंतरावरून.

कुणी हसलं नाही. फाउस्तीनो एरवी कशालाही हसतो, तोही नाही. म्हणाला, दाजी, एवढं भोक पाडणारी बंदूक आख्ख्या जिल्ह्यात तुमच्याकडेच आहे. डॉन हेर्वासियोनं टोपी काढली, परत घातली. मग लोक जेवायला बसले. कुणीतरी मला पण ताट आणून दिलं. मांस मऊ झालं होतं.

३१ ऑगस्ट, सकाळी

सगळे गेल्यावर ओतिलियाशी बोललो नाही. सकाळी तिनं मातेचा कडू चहा केला, एक घोट स्वतः घेतला, मला भरून दिला. विचारलं, बाहियाला जाणार का? ती म्हणाली, कळप वाचला, आता कशाला जाऊ. तिनंच वाचवला हे ती म्हणाली नाही. मला म्हणवलं नाही.

विचारलं, गोळी तू कुणासाठी मारलीस, माझ्यासाठी की मेंढीसाठी? ती म्हणाली, डुकरासाठी.

मग तिनं विचारलं, डोळे मिटले होतेस?

मी म्हटलं, धूळ. ती थांबून राहिली. मी म्हटलं, ऊन. तेव्हा ऊन नव्हतं. ती तशीच थांबून राहिली. मी म्हटलं, हो.

दर वेळी मिटतो. पहिल्या गोळीपासून. घोड्यावर बोट गेलं की आपोआप मिटतात. भीती वाटते मला. एवढं बोलायला मला दोन महिने लागले आणि त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत.

तिनं माझ्या हातात बाटली दिली आणि खोक्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, मी फाटकातून सगळं पाहिलं. मेंढी घाबरून पुढे आली नव्हती. तुझ्या आणि डुकराच्या मध्ये मुद्दाम उभी राहिली, त्याच्याकडे तोंड करून, पुढचा पाय आपटत. तुझ्या अंगाला तिच्या पोराचा वास होता. ती पोराला वाचवत होती.

मला रडू आलं. तिनं मला रडू दिलं आणि वाड्याकडे गेली.

कोकरू तोंड फिरवतंय. डाव्या हातानं बाटली धरता येत नाही नीट. पुन्हा प्रयत्न करतो.

ताकद पुरेशी होती, असं एक वाक्य इथे लिहिलं होतं. खोडलं.